आबांची फीत

मागच्या महिन्यात साताऱ्याला आईकडे गेलो होतो. माळा आवरायचं काम गेली तीन वर्षं पुढे ढकललं जात होतं, ते एकदाचं काढलं. दोन पितळी हंडे, मोडका पाळणा, कुणाकुणाची लग्नपत्रिका आणि त्या सगळ्याच्या खाली आबांची ट्रंक. आबा म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. ट्रंकेत एक कडक झालेला चामडी पट्टा, एक पितळी बिल्ला आणि मेणकागदात गुंडाळलेला एक सरकारी कागद होता. १९५७ सालचा. टाइप केलेल्या चारच ओळी, इंग्रजीत. मतलब एवढाच की, शिपाई अमुक अमुक यांना अमुक तारखेपासून हवालदार करण्यात येत आहे.

आबा तुरुंगात नोकरीला होते. हे वाक्य आमच्या घरात कधी एवढं सरळ म्हटलं गेलं नाही. आजी कायम "पोलिसात होते" म्हणायची. मावशीच्या लग्नात मुलाकडच्यांना "सरकारी नोकरी" एवढंच सांगितलं होतं म्हणे. "तुरुंगात होते" म्हटलं की समोरचा माणूस एक क्षण गप्प होतो, आणि मग आपल्यालाच हसून खुलासा करावा लागतो. (नातेवाईक मंडळी वाचत असतील तर रागावू नका, पण हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे!)

तो कागद बघून मला आबांचं एक जुनं वाक्य आठवलं. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. शाळेत मॉनिटर केलं नाही म्हणून रुसून बसलो होतो. आबा सुपारी कातरत म्हणाले, "मला फीत मिळायला अठरा वर्षं लागली. माझ्या डोळ्यांदेखत कैदी मुकादम झाले, वॉर्डर झाले. मी होतो तिथंच." मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. कैद्याला कुठे बढती मिळते का? नोकरी नोकरदाराची, शिक्षा कैद्याची. दोन्ही एका शिडीवर कसे येतील?

माळा आवरून झाला, पण हा प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. मग जमेल तसं वाचत गेलो. आबा गंमत करत नव्हते.

आपल्या मराठीत तुरुंगाबद्दल कितीतरी लिहिलं गेलंय. टिळकांनी मंडालेत गीतारहस्य लिहिलं, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात श्यामची आई लिहिली, विनोबांची गीताप्रवचनं धुळ्याच्या तुरुंगात झाली, आणि सावरकरांची माझी जन्मठेप तर घराघरात असते. पण हे सगळं गजांच्या आतल्या बाजूचं. गजांच्या बाहेर किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा राहिलेला जो पगारी माणूस, त्याने काही लिहिल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. तो या सगळ्या पुस्तकांत येतो तो "शिपाई", "पहारेकरी" म्हणून, एखाद्या वाक्यापुरता. त्याची भरती कुणी केली, बढती कशी झाली, कौतुक कुणी केलं, याचा पत्ता नाही.

तर गोष्ट सुरू होते कंपनी सरकारपासून. मेकॉलेच्या सूचनेवरून १८३६ साली हिंदुस्थानातल्या तुरुंगांची पाहणी करायला एक समिती बसली आणि १८३८ मध्ये तिचा अहवाल आला. समितीला दिसलं की खालचे नोकर लाच खातात, शिस्त ढिली आहे, आणि कैद्यांना बाहेर रस्त्यांच्या कामावर नेतात तिथे तर सगळाच सावळा गोंधळ आहे. यावर एक उपाय म्हणजे चांगली माणसं भरती करणं, त्यांना पोटापुरता पगार देणं, पुढे जायची वाट ठेवणं. पण याला पैसा लागतो! आणि तुरुंगावर पैसा खर्च करायची हौस कुठल्याच सरकारला नसते. समितीचा सगळा भर पडला तो शिक्षा अधिक कडक करण्यावर. १८४४ मध्ये वायव्य प्रांतात तुरुंगांवर पहिला इन्स्पेक्टर जनरल नेमला गेला. म्हणजे वरची खुर्ची आली. खालच्या माणसाचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचं स्वस्तातलं उत्तर समुद्रापलीकडे तयार होत होतं. काळ्या पाण्याची शिक्षा म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं, पण त्याच्या कितीतरी आधी हिंदुस्थानातले कैदी, आपल्या मुंबई इलाख्यातलेसुद्धा, मलायाच्या बाजूला पाठवले जात. सुमात्रातल्या बेंकुलनहून १८२५ मध्ये ते सिंगापूरला आणले गेले. सुरुवातीला त्यांच्यावर पगारी शिपाई होते. पुढे त्यांच्या जागी निवडक कैदीच नेमले जाऊ लागले. कैद्यांचे सहा वर्ग केले होते. नवा आलेला चौथ्या वर्गात, बेड्यांसकट. नीट वागला तर तिसऱ्या वर्गात, रस्त्याच्या आणि बांधकामाच्या कामावर. त्याहून वर दुसरा वर्ग, आणि त्यातच इतर कैद्यांवर देखरेख करणारे कैदी-अंमलदार. सगळ्यात वर पहिला वर्ग, परवान्यावर बाहेर राहून पोट भरायची मुभा असलेला. पाचवा वर्ग शिक्षा म्हणून खाली उतरवलेल्यांचा आणि सहावा अपंग-म्हाताऱ्यांचा आणि बायकांचा.

बघा, ही चक्क बढतीची शिडी आहे! सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल आणि गव्हर्न्मेंट हाऊस (आजचं इस्ताना, तिथल्या राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान) या कैद्यांनी बांधलं. त्यांचे एक सुपरिंटेंडेंट मेजर मॅकनेअर यांनी पुढे १८९९ मध्ये या सगळ्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं नावच 'प्रिझनर्स देअर ओन वॉर्डर्स', म्हणजे कैदीच आपले पहारेकरी. मॅकनेअर साहेबांना या पद्धतीचा अभिमान होता, आणि तो अगदीच खोटा होता असं म्हणवत नाही. ज्या माणसाच्या आयुष्यात काहीच उरलेलं नाही त्याला वर चढायला एक पायरी दिली, तर तो सुधारतो, हे खरंच आहे. बेडीतल्या माणसाला पट्टा मिळणं ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण हीच शिडी अंदमानात पोचली तेव्हा काय झालं ते आपण सावरकरांकडून वाचलेलं आहे. ते जुलै १९११ मध्ये सेल्युलर जेलमध्ये पोचले. जेलर बारी सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण पुस्तक पुन्हा वाचाल तर ध्यानात येईल की रोजचं राज्य बारीचं नाहीच. ते वॉर्डर, पेटी ऑफिसर, जमादार यांचं आहे, आणि ही सगळी मंडळी स्वतः जन्मठेपेची शिक्षा भोगणारी आहेत. कोलूला कुणाला जुंपायचं, तेल कमी भरलं म्हणून कुणाची तक्रार करायची, संडासला कधी जाऊ द्यायचं, हे सगळं त्यांच्या हातात. साहेब दिवसातून एखादी फेरी मारणार, पेटी ऑफिसर चोवीस तास. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) अंदमानातल्या शेवटच्या काळात खुद्द सावरकरांनाही तेलाच्या गोदामावर फोरमन नेमलं गेलं. शिडी अशी, की तिच्यावर आज ना उद्या कुणालाही उभं करता येतं.

इकडे देशात १८९४ चा तुरुंग कायदा आला. त्याचं कलम २३ मी दोनदा वाचलं. एकच वाक्य आहे. तुरुंगाचे अंमलदार म्हणून नेमलेले कैदी हे दंड संहितेच्या अर्थाने लोकसेवक समजले जातील. लोकसेवक! माझे आबा परीक्षा देऊन, छाती मोजून, दाखले गोळा करून जे झाले, तेच तो कैदी आत बसल्या बसल्या झाला. कायद्याच्या लेखी दोघेही एका रांगेत.

गांधीजी १९२२ ते १९२४ येरवड्यात होते. सुटून आल्यावर त्यांनी 'यंग इंडिया'त तुरुंगातल्या अनुभवांवर लेखमाला लिहिली, आणि तिच्यात आपल्यावर नेमलेल्या कैदी वॉर्डरांबद्दलही लिहिलं. त्यातला आदन नावाचा एक सोमाली तर एडनच्या तुरुंगातून येरवड्याला आलेला. एडनचा कारभार तेव्हा मुंबईहून चालायचा, म्हणून ही वाट. कुठला सोमालिया, कुठलं येरवडा, आणि काम काय तर गांधींवर लक्ष ठेवायचं! गांधीजींनी या माणसांबद्दल मायेनं लिहिलंय. म्हणजे सगळेच पेटी ऑफिसर राक्षस नव्हते. पद्धत वाईट असली तरी तिच्यात अडकलेला माणूस वाईटच असतो असं नाही. आबाही हेच म्हणायचे, पण ते पुढे सांगतो.

आता पगारी शिपायाच्या बाजूने बघू. सरकारला एका पहारेकऱ्यामागे पगार द्यायचा, गणवेश द्यायचा, राहायला खोली द्यायची, म्हातारपणी पेन्शन द्यायचं. कैदी वॉर्डरला काय द्यायचं? पट्टा, बिल्ला, जरा बरी वागणूक आणि शिक्षेत थोडी जास्तीची सूट. खर्च जवळपास शून्य. मग जास्तीचे शिपाई भरती करायला सांगतंय कोण? आणि जे आहेत त्यांचा पगार वाढवायची घाई कुणाला? कैद्याला पट्टा दिला त्याची किंमत शिपायाच्या पगारातून वळती झाली, असं मला वाटतं. पगार कमी म्हणून लाच, लाच म्हणून वरच्यांचा अविश्वास, अविश्वास म्हणून बढती नाही, बढती नाही म्हणून चांगला माणूस इकडे फिरकत नाही. हे चक्र आजचं नाही.

आणि वरचं टोकही बंदच होतं. एकोणिसाव्या शतकात बऱ्याच ठिकाणी जिल्ह्याचे सिव्हिल सर्जनच तुरुंगाचे सुपरिंटेंडेंट झाले. यामागे चांगला हेतू होता. तुरुंगात माणसं रोगराईने पटापट मरत होती आणि डॉक्टर असला तर ते थांबेल ही अपेक्षा होती. पण परिणाम असा की खालून वर चढत गेलेल्या माणसाला ती खुर्ची लांबच राहिली. आज आपल्या राज्यात कारागृह विभागाच्या शिखरावर आयपीएस अधिकारी असतात. ते चांगलं काम करत नाहीत असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण आयुष्यभर तुरुंगात घालवलेल्या माणसाला तुरुंग कळतो, असं गृहीत धरायला कुणी फारसं तयार नसतं, एवढं खरं.

१९१९-२० मध्ये सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन जेल्स कमिटी बसली. तिने अंदमानला कैदी पाठवणं थांबवायला सांगितलं, कैद्यांच्या हातात कैदी देण्यातले धोके दाखवले आणि पगारी, शिकवलेल्या माणसांवर भर दिला. म्हणजे आबा नोकरीला लागले त्याच्या जवळजवळ वीस वर्षं आधी हे लिहून झालं होतं. आबा १९३९ मध्ये मुंबई इलाख्यातल्या एका तुरुंगात शिपाई म्हणून लागले. बराकीवर मुकादम होता, अर्थातच कैदी.

त्याच १९३९ साली, आमच्या गावापासून फार लांब नाही, औंध संस्थानात एक निराळाच प्रयोग सुरू झाला. आटपाडीजवळ कैद्यांची एक वसाहत उभी राहिली, तिचं नाव स्वतंत्रपूर. कैद्यांनी बायकामुलांसह तिथे राहायचं, शेती करायची. भिंत नाही आणि गज नाहीत. मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनियरने, ज्यांना भारतानंद म्हणत, ही कल्पना मांडली आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ती उचलून धरली. आटपाडीच्या मातीतल्याच गदिमांनी पुढे यावर कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. सहा खुनी आणि एक जेलर.

हा सिनेमा आबांनी तीनदा पाहिला होता, असं आई सांगते. लक्षात घ्या, १९५७! त्याच वर्षी त्यांना फीत मिळाली. आईला आठवतं की सिनेमा बघून आल्यावर आबा म्हणाले होते, "साहेब चांगला दाखवलाय. शिपाई मात्र कुठं दिसला नाही."

अठरा वर्षं का लागली, हेही आईनेच या वेळी पहिल्यांदा सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आबांनी एका मुकादमाची तक्रार केली होती. तो नव्या कैद्यांच्या घरच्यांकडून पैसे मागवायचा. चौकशी झाली. मुकादम साहेबांच्या मर्जीतला, त्याच्यामुळे बराक गप्प राहायची, गिनती वेळेवर जुळायची. साहेबांनी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि आबांच्या पुस्तकात शेरा पडला. शेरा असलेल्या माणसाला फीत नाही. आबा रात्रीचे पहारे करत राहिले, पाच पोरं वाढवली. कुठल्या तुरुंगात, कोण साहेब, हे लिहायची गरज नाही. आज त्यातलं कुणीच नाही.

आजी त्या मुकादमाला आयुष्यभर शिव्या देत राहिली. आबांनी मात्र कधी नाही. ते म्हणायचे, "त्याला लवकर सुटायचं होतं. मला पोरं वाढवायची होती. दोघंही अडकलेलेच. मला पगार देत होते, त्याला पट्टा देत होते. साहेबाला पट्टा स्वस्त पडत होता."

एवढं वाचून झाल्यावर मला हे वाक्य पहिल्यांदा समजलं.

स्वातंत्र्यानंतर बदललं का? थोडं. १९७९ मध्ये तिहारमधल्या सुनील बत्रा नावाच्या कैद्याने दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. नातेवाइकांकडून पैसे काढण्यासाठी वॉर्डरने छळ केला, अशी तक्रार होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासमोर ते पत्रच याचिका म्हणून चाललं. वाचताना अंगावर काटा आला, कारण आबांच्या मुकादमाचीच गोष्ट, फक्त पट्टा आता पगारी माणसाच्या कमरेला. म्हणजे नुसता कैदी जाऊन पगारी माणूस आला की काम झालं, असंही नाही. त्याला शिकवायला हवं, बघायला हवं, आणि त्याचं चांगलं काम कुणाच्या तरी नजरेत यायला हवं. १९८० मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८३ च्या अहवालात तुरुंगांसाठी स्वतंत्र अखिल भारतीय सेवा असावी असं सुचवलं होतं. ती सेवा अजून आलेली नाही.

आकडे सांगायचे तर, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ४,३६,२६६ जणांची जागा होती आणि माणसं होती ५,७३,२२०. कर्मचाऱ्यांच्या मंजूर जागांपैकी साधारण तीस टक्के रिकाम्या. २०१६ च्या आदर्श नियमावलीने सहा कैद्यांमागे एक पहारेकरी सांगितलाय. इथे सगळे कर्मचारी धरले, म्हणजे डॉक्टर-कारकुनांसकट, तरी नऊ कैद्यांमागे एक पडतो. रिकाम्या जागेवर कुणीतरी उभं राहतंच. २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला तुरुंगात जिचा मृत्यू झाला आणि ज्याबद्दल सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला, ती बाई स्वतः कैदी होती आणि बराकीची वॉर्डनही होती. कमी आलेली अंडी आणि पाव याबद्दल तिने विचारलं, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. ती शिडी अजून पुरती मोडलेली नाही, आणि तिच्यावर चढलेल्याला ती वाचवतही नाही.

दर २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला राष्ट्रपती पदकांची यादी येते. पोलीस, अग्निशमन दल, आणि सगळ्यात शेवटी तुरुंगवाले. पूर्वी त्यांचं वेगळं सुधारात्मक सेवा पदक असायचं. २०२४ पासून ही सगळी पदकं एकत्र केली आहेत. मी ती यादी आजवर कधी वाचली नव्हती. या पंधरा ऑगस्टला मुद्दाम वाचली. आपल्या राज्यातल्या तुरुंगांतली नावं होती, त्यांत हवालदार, सुभेदारही होते. कुणाच्या तरी घरी त्या दिवशी पेढे वाटले असतील. कुणीतरी मावशीच्या लग्नात सरळ सांगेल, "आमचे वडील कारागृहात होते, राष्ट्रपतींचं पदक आहे त्यांना."

आबांना पदक नव्हतं. एक फीत होती, अठरा वर्षांनी आलेली, आणि चार ओळींचा कागद. तो त्यांनी मेणकागदात गुंडाळून ठेवला आणि कुणाला दाखवला नाही. बहुतेक लाज वाटली म्हणून नव्हे, उशीर झाला म्हणून.

मी तो कागद फ्रेम करायला टाकलाय. आईने विचारलं, खाली काय लिहायचं? म्हटलं, जे होतं तेच. तुरुंगात हवालदार होते.

असो. सुधामावशी, त्यांचा गणवेशातला एक फोटो तुझ्याकडे होता ना? असेल तर पाठव. फ्रेममध्ये शेजारी जागा ठेवली आहे.